कौसाबाईंच्या कण्या

"घ्या सर, चव," म्हणत कौसाबाईंनी वाटी माझ्यापुढे धरली.

वाटीत वाफाळत्या कण्या होत्या. ज्वारीचा जाडसर भरडा, त्यात गाजराचे तुकडे, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला आणि वरून लसणाची खमंग फोडणी. वास असा सुटला होता की चौथीची पोरं पाढे म्हणता म्हणता खिडकीकडे माना वळवत होती. मी मात्र वाटीत पाहत नव्हतो. वाटी धरणारा अंगठा पाहत होतो. तो नखापासून पार मनगटापर्यंत पांढरा-गुलाबी होता, आणि मनगटाच्या वर जिथे बाईंचा मूळचा सावळा रंग सुरू व्हायचा, तिथली कड वेडीवाकडी होती. दोन्ही हात तसेच. ओठांच्या कडाही तशाच.

मी वाटी अशा बेतानं घेतली, की माझं बोट त्यांच्या बोटाला लागू नये. दोन वर्षांच्या सरावानं हे मला चांगलं जमायला लागलं होतं.

"मीठ बघा बरं का," त्या म्हणाल्या. "आज मटकी जास्त पडली."

"बघतो," म्हणालो आणि वाटी घेऊन ऑफिसात गेलो.

ऑफिसात जाऊन मी काय करायचो, ते एकदा स्पष्ट सांगून टाकतो. टेबलावर वर्तमानपत्राचं पान पसरायचं. वाटी त्यावर उपडी करायची. पुडी बांधायची. वाटीच्या तळाशी चमचा दोनदा फिरवायचा, म्हणजे खाल्ल्यासारखी दिसते. मग चव रजिस्टर उघडून 'चव उत्तम, अन्न व्यवस्थित शिजलेले' असं लिहायचं आणि खाली झोकात सही ठोकायची. पुढे मुतारीकडे जाण्याच्या निमित्तानं पुडी मागच्या भिंतीपलीकडे टाकायची. तिथे एक पिवळं कुत्रं माझी वाट पाहत बसलेलं असायचं. ते कुत्रं त्या दोन वर्षांत इतकं गुबगुबीत झालं होतं, की गावातले लोक कौतुकानं विचारायचे, हे कुणाचं म्हणून. ते माझ्या सहीवर पोसलेलं होतं.

मुलांना जेवण वाढण्याआधी एका शिक्षकानं ते खाऊन बघायचं आणि रजिस्टरात अभिप्राय लिहून सही करायची, हा नियम. आमच्या हिंगणवाडीच्या शाळेत हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या लौकिकामुळे. मुख्याध्यापक नखाते सर म्हणाले होते, "वायचळ सर, तुमच्याइतका स्वच्छ माणूस केंद्रातल्या एकाही शाळेत नाही. तुम्ही चव घेतली म्हणजे आम्ही निर्धास्त." मी फुशारलो होतो. त्या वेळी मला ठाऊक नव्हतं, की स्वयंपाकाला कौसाबाई भिसे येणार आहेत.

माझी स्वच्छता म्हणजे काय चीज होती, तेही सांगतो. मला किळस यायची. दुधावरच्या सायीची यायची, थुंकी लावून वहीची पानं उलटणाऱ्यांची यायची, लग्नात पंगतीत शेजारचा माणूस बोटं चाटायला लागला की माझं जेवण तिथेच संपायचं. पहिलीच्या पोरांची नाकं पुसायची वेळ आली तर मी चौथीच्या मुलींना हाका मारायचो. आणि या सगळ्याचा मला अभिमान होता. लोक म्हणायचे, सरांना जरा घाण खपत नाही. मीही तसंच समजायचो. माझ्या किळसेला मी जन्मभर स्वच्छता म्हणत आलो, हे आज लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

बाईंच्या हातांवर होतं ते कोड. मी विज्ञान शिकवायचो. ते कुणाला लागत नाही, हे मला पुस्तकातल्या वाक्यासकट पाठ होतं. पाठ असून माझ्या घशाला ते कधी कळलं नाही.

कण्यांची कल्पना बाईंचीच. मार्च लागला की आमची शाळा सकाळची व्हायची. पोरं सातला उपाशीपोटी यायची आणि साडेनवाच्या सुट्टीत त्यांच्यापुढे खिचडी यायची. एवढ्या सकाळी पिवळा भात पोरांच्या घशाखाली उतरायचा नाही. निम्मी खिचडी ताटात राहायची. बाई एके दिवशी नखाते सरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, सकाळच्या पारी भात कुनी खातं व्हय? कण्या करू का? घरोघर ज्वारी हाय. एकेक पायलीभर सगळ्यांनी आणून दिली तर उन्हाळा निघंल."

बाई दर मंगळवारी गिरणीवर जाऊन भरडा काढून आणायच्या. सकाळी सहाला येऊन तो कोरडा भाजायच्या आणि कोमट पाण्यात भिजत घालायच्या. मटकीला मोड आदल्या दिवशीचेच. साडेआठला चूल पेटवायची, जर्मनच्या पातेल्यात फोडणी, त्यात गाजर, पाला, टोमॅटो, जे कुणाच्या शेतात निघालं असेल ते, मग आधण, मग कण्या. पाऊण तासाच्या आत चौऱ्याऐंशी पोरांची न्याहारी तयार. ताटात एक दाणा राहायचा नाही. तालुक्याचे साहेब आले तेव्हा त्यांनी वहीत लिहून नेलं, की हा पौष्टिक नाश्ता इतर शाळांनीही करावा. साहेबांनी स्वतः खाल्ला मात्र नाही. डबा आणला होता त्यांनी.

तर त्या शुक्रवारी मी सही करून, कुत्र्याचं करून परत आलो, तेव्हा ऑफिसच्या दारात पहिलीतल्या एका मुलीची आई उभी होती. मुलीला तिनं पुढे धरलं होतं आणि तिचा गाल नखाते सरांना दाखवत होती.

"हे बघा. डाग. पांढरे. आधी दोन व्हते, आता चार झाले."

पोटात जंत झाले की लहान पोरांच्या गालावर असे फिकट डाग पडतात. आमच्या शाळेत दहा पोरांना ते असतील. मी पाहताक्षणी ओळखलं.

"अहो, हे जंताचे डाग आहेत," नखाते सर म्हणाले. "गोळी दिली की जातील."

"ते मला नका सांगू. त्या बाईच्या हातचं खाऊन झालंय हे. कोड हाय तिला, दिसत न्हाई का? माझ्या लेकीचं पुढं लगीन व्हायचंय. पोरीच्या जातीला असं झालं तर कोन करंल तिला?"

ती रडायला लागली. तासाभरात आणखी सहा-सात बाया आल्या, आणि त्यांच्या मागून शाळा समितीचे अध्यक्ष बब्रुवान ढोबळे आले. ढोबळे अण्णा माणूस तसा वाईट नव्हता, पण गर्दी ज्या बाजूला जाईल त्या बाजूला तो पुढे चालायचा.

"उद्या मीटिंग लावा," ते नखाते सरांना म्हणाले. "समितीपुढं होऊन जाऊ द्या. बाई राहती का जाती."

शाळा सुटली. मी मोटारसायकलला किक मारणार, तोच कौसाबाई मागून आल्या. लुगड्याच्या पदरात हात गुंडाळलेले होते. लोकांत वावरताना त्या हात तसेच ठेवायच्या. उघडे असायचे ते फक्त चुलीपुढे.

"सर, थोडं थांबता का?"

"बोला."

"उद्या मीटिंगीत मी दवाखान्याचा कागद आननार हाय. मोठ्या डाक्टरचा सही-शिक्का हाय त्याच्यावर. ह्ये लागत न्हाई म्हनून. पर कागदानं लोकांचं समाधान होत न्हाई, सर. मी दोन वर्सं बघती. म्हनून मी अण्णास्नी सांगितलं, की माझ्या हातचं सगळ्यात आधी वायचळ सर खात्यात. रोज. त्यांना काय झालं का बघा म्हनलं."

"बरं," मी म्हणालो.

"अण्णा म्हनले, मग सर समद्यांच्या पुढं खाऊ देत. आम्ही इश्वास ठिवू." बाई थांबल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "सर, मला ठावं हाय तुम्ही खात न्हाई ते."

मी मोटारसायकलची किल्ली बोटांत फिरवत राहिलो. कानशिलं तापली.

"पहिल्याच महिन्यात कळलं. भिंतीमागं सरपन गोळा करायला गेले, तर तिथं कागद, आन कुत्रं चाटायलं. मी कुनाला सांगितलं न्हाई. नखाते सरांला बी न्हाई. म्हनलं, असतं एकेकाचं. माझ्या नवऱ्याला तरी कुठं चाललं? कोड उठलं तसं त्यानं माझ्या हातची भाकर सोडली, मग मला सोडली. आई म्हनायची माझ्या ताटाला हात लावू नको. गावात कुनाच्या कार्याला गेले तर मला निवडाय-टिपाय सुदिक बसवत न्हाईत, सर. ही चौऱ्याऐंशी लेकरं तेवढी खात्यात. ती 'बाई, अजून' म्हनत्यात ना, तवा मला वाटतं मी मानसात हाय. ते गेलं तर माझं काय राहतं?"

त्यांचा आवाज रडवेला नव्हता. हिशोबी होता, घरातलं एखादं काम समजावून सांगावं तसा.

"उद्या एक घास खा सर. एकच. माझ्यासाठी नका, रजिस्टरात लिवलंय त्याच्यासाठी खा. मी हात राखेनं घासून, लिंबू लावून येते. वाटी तुमची घरची आणा पायजे तर."

"खातो," मी म्हणालो. "काळजी करू नका, बाई. वाटीबिटी काही नको. खाईन मी."

आणि मला खरोखर वाटत होतं की मी खाईन. ते खोटं नव्हतं. मोटारसायकलवरून घरी येईतो माझ्या मनात मी सबंध वाटी संपवून, वर 'अजून आणा' असं म्हणून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, "ज्वारीच्या कण्या कर. गाजर, मटकी घालून. लसूण सढळ हातानं."

सुनंदानं माझ्याकडे टकमक पाहिलं. "डोहाळे लागले का?"

"कर ग."

तिनं केल्या. मी दोन वाट्या खाल्ल्या. अप्रतिम लागल्या. म्हणजे पदार्थात काही नव्हतं, हे सिद्ध झालं. मी समाधानानं ढेकर दिला आणि तिला सगळी हकीकत सांगितली. पुडीची, कुत्र्याची, कौसाबाईंची, उद्याच्या मीटिंगची. दोन वर्षं हे मी तिलाही सांगितलं नव्हतं. ती हसली नाही.

"तुम्हाला जमणार नाही," ती म्हणाली.

"का नाही जमणार?"

"लग्नानंतर पहिलं वर्षभर तुम्ही माझ्या हातची कणीक खात नव्हता. मी मळताना बांगड्या काढत नाही म्हणून. सासूबाई वेगळी मळायच्या. विसरलात? मी नाही विसरले." ती ताटं उचलत होती. "उद्या सकाळी उठून सरळ नखाते सरांना खरं सांगा. मी कधीच चाखलं नाही म्हणावं. तुमच्यावर काय कागद निघायचा तो निघेल. त्या बाईची सुटका होईल."

"सुटका कशी होईल?"

"तुमच्या किळसेवर तिचं काही अवलंबून राहणार नाही मग. तुम्ही साक्षीदारच नाही म्हटल्यावर तुम्हाला कोण खायला लावतंय?"

हे अगदी सरळ होतं आणि मला समजलंही. पण सरकारी रजिस्टरात दोन वर्षं खोट्या सह्या केल्या हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं, म्हणजे निलंबन. चौकशी. वर्तमानपत्रात दोन ओळी. मी म्हणालो, "एक घास तर खायचाय. एवढं काय त्यात." आणि विषय मिटवला.

शनिवारी साडेनवाला पोरं व्हरांड्यात पंगतीला बसली होती, आणि आम्ही चौथीच्या वर्गात. सतरंजीवर समितीचे अकरा लोक, दारात आणि खिडक्यांशी बाया. ती गालावर डाग असलेली मुलगी आईच्या कडेवर होती. नखाते सरांनी दवाखान्याचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. मग चव रजिस्टर उघडून सगळ्यांसमोर फिरवलं. ज्याच्या हातात ते गेलं, त्यानं माझ्या सह्यांवरून बोट फिरवून पुढे दिलं. दोघांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. मला तिथेच मळमळलं.

"चांगलंच लिहिलंय रोज," ढोबळे अण्णा म्हणाले. "एक दिस चुकला न्हाई. मंग सर, तुम्हाला काय झालं का आजतागायत? खाज, डाग?"

"नाही."

"बगा. सर शिकलेले हायेत. खोटं कशाला बोलतील." अण्णा बायांकडे वळले. "आता सर आपल्यापुढं खातील. मंग मी खाईन. आन मंग हा इषय पुन्हा कुनी काढायचा न्हाई. कबूल?"

बाया गप्प राहिल्या. म्हणजे कबूल. खरं सांगतो, त्या क्षणी सगळा वर्ग कौसाबाईंच्या बाजूला झुकलेला होता. एका घासाचा प्रश्न होता.

बाई वाटी घेऊन आल्या. हात इतके घासले होते, की पांढऱ्या भागावर लाली आली होती. वाटी त्यांनी ताटलीत ठेवली होती, म्हणजे मला त्यांच्या बोटाला बोट लावावं लागू नये. ताटलीत स्वच्छ चमचा होता. एवढी त्यांनी माझी सोय केली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली.

मी चमचा भरला. तोंडात घातला.

चव चांगली होती. हे मला नीट आठवतं, आणि आठवलं की राग येतो. सुनंदाच्या कण्यांपेक्षा चांगली होती. ज्वारी नेमकी शिजलेली, मटकी दाताखाली कुरकुरणारी, पाल्याचा किंचित कडवटपणा आणि भाजलेल्या लसणाचा वास. मी दोनदा चावलं. आता गिळायचं. आणि का कोण जाणे, माझ्या डोळ्यांपुढे ते हात आले. भिजवलेल्या भरड्यात कोपरापर्यंत गेलेले, दाणे चोळणारे, पाणी निथळणारे. घशाची झडप बंद झाली. मी डोळे मिटले. सुनंदाचा हात डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. तोंडात लाळ सुटली, कण्या तोंडात फुगत चालल्या आहेत असं वाटायला लागलं. बाहेर पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "बाई, अजून!"

आणि मला उलटी झाली.

सतरंजीवर, माझ्या पांढऱ्या पॅंटवर, रजिस्टराच्या कडेवर. नुसत्या कण्या नव्हेत, सकाळचा चहा, बिस्किट, सगळं. आंबट वास पसरला. अण्णा पाय आखडून मागे सरकले. बायांनी पदर नाकाला लावले. कडेवरची मुलगी भेदरून रडायला लागली.

मग अण्णांनी विचारलं, आणि अगदी मऊपणानं विचारलं, "सर, काय झालं? पित्त झालंय का तुम्हाला?"

इथे थांबून एक सांगितलंच पाहिजे. उलटी माझ्या हातात नव्हती. त्याबद्दल मी स्वतःला फार दोष देत नाही. काही माणसांचा घसा नीच असतो. पण अण्णांनी मला वाट काढून दिली होती. नुसतं 'हो, पित्त आहे' म्हटलं असतं, तरी भागलं असतं. किंवा सुनंदा म्हणाली होती ते खरं सांगता आलं असतं. दोन्हींना एकेक वाक्य लागत होतं. मी तोंड पुसलं. समोर माझ्या सह्यांनी भरलेलं रजिस्टर उघडं पडलं होतं. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की दोन वर्षं रोज खाणाऱ्या माणसाला आजच उलटी कशी झाली, याचा जाब आता मला विचारतील.

"नाही, पित्त नाही," मी म्हणालो. "रोजचं चांगलं असतं. आज... आज चव वेगळी लागली. काहीतरी वास येत होता."

"वास?" नखाते सर म्हणाले.

"हो. उग्र. खराब काहीतरी."

बस, एवढंच. माझी दोन वर्षांची पानं बचावली आणि बाई बुडाल्या.

पुढे काय झालं ते फार भराभर झालं. दारातल्या बाया एकदम बोलायला लागल्या. दोघी व्हरांड्याकडे धावल्या आणि त्यांनी आपापल्या पोरांपुढची ताटं हिसकावून घेतली. एक पोरगा ताट सोडेना, तर त्याच्या पाठीत धपाटा बसला. तो घास तोंडात धरून रडत होता. अण्णा उठून उभे राहिले. "झालं. सरांनाच जात न्हाई, तर लेकरांनी का खावं? सोमवारपास्नं दुसरी बाई बघू." एकानं 'हो' म्हटलं, मग सगळ्यांनी. नखाते सर माझ्याकडे पाहत होते. त्यांना वास आला नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते काही बोलले नाहीत.

मी कौसाबाईंकडे पाहायचं टाळत होतो. मला वाटलं, आता त्या बोलतील. पुडी, कुत्रं, भिंत, सगळं सांगतील. त्यांना हक्क होता. मी खाली मान घालून त्याची वाट पाहत बसलो. त्या बाहेर गेल्या आणि चुलीतली राख टोपलीत घेऊन आल्या. ती त्यांनी सतरंजीवर पसरली, फडक्यानं उलटी गोळा केली, पाण्याचा हात फिरवला. रजिस्टराची कड पदरानं पुसली. माझ्या पायाशी बसून त्यांनी तेवढी जागा लख्ख केली आणि एकही शब्द न बोलता टोपली घेऊन बाहेर गेल्या. पातेल्यात निम्म्याहून जास्त कण्या होत्या. त्या दिवशी कुत्र्याचीही चंगळ झाली.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. हे सगळं होऊन अठरा वर्षं झाली, पण ते घर मला आजही दिसतं. गावाच्या शेवटाला पत्र्याची एक खोली, पुढे सारवलेलं अंगण. तोवर शाळेत अण्णांच्या लांबच्या नात्यातली एक बाई खिचडी करायला लागली होती आणि निम्मी खिचडी ताटात राहायला लागली होती. त्या मुलीला नखाते सरांनी जंताची गोळी दिली होती. कण्यांचं नाव कुणी काढत नव्हतं.

बाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. मला पाहून उठल्या, पदरात हात गुंडाळले आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

"माफी मागायला आलो, बाई," मी म्हणालो. "तोंडातून निघून गेलं. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"उलटी निघून गेली, सर," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही बोललात."

मी मान खाली घातली. मग विचारलं, "तुम्ही का नाही सांगितलं? भिंतीमागचं?"

"सांगून काय झालं असतं? तुमचं गेलं असतं. माझं आलं असतं का? कुनी म्हनलं असतं का, की सर खात नव्हते, तर चला, आपुन खाऊ?"

मी उन्हात तसाच उभा होतो. माझ्या मनात काय होतं, ते सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, आता काहीतरी करून दाखवावं. इथे, कुणी पाहत नसताना, यांच्या हातचं काहीतरी घ्यावं आणि घशाखाली उतरवावं, म्हणजे निदान आपल्याला घरी जाऊन झोप लागेल. त्यांच्यासाठी नव्हेच ते. माझ्यासाठीच होतं.

"बाई," मी म्हणालो, "तांब्याभर पाणी द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या नव्हत्या. दाराला हात लावून त्या क्षणभर विचार करत असाव्यात.

"ऱ्हाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "उलटी झाली, तर परत मलाच पुसाय लागंल."